गेन नऊवरून तीनवर

कुंभिवलीत हायवेला लागून मालकांचं साऊंडचं गोडाऊन आहे. तिथं कामाला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. आठवीतून शाळा सोडलेली, गाव परभणीच्या पलीकडं, इथं ओळखीचं कुणी नाही. पहिली दोन वर्षं स्पीकरची खोकी उचलली. मग बोर्डावर, म्हणजे मिक्सरवर बसणारा माणूस पनवेलला गेला आणि मालकांनी ती खुर्ची मला दिली. त्याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानतो. पण ती खुर्ची जाईल ही भीती तेव्हा सारखी असायची. निघताना प्लग तीनदा तपासायचो आणि टेंपोत बसल्यावर परत उतरून चौथ्यांदा.

आमचं मुख्य काम हळदीचं. हळदीला बेंजोचा आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला नाही तर नवरदेवाचा मामा भांडायला येतो. म्हणून बेंजोवाला असो नाहीतर गिटारवाला, आमची रीत एकच: गेन वर, चिरक्या आवाजाचा ट्रेबल वर, इको भरपूर. तारेचा आवाज आत घेतानाच किती फुगवायचा, ते गेनचं बटण ठरवतं. फार फुगवला की आवाज फाटतो, पण लांब जातो. आम्हाला तो फाटलेलाच गोड लागायचा.

त्या वर्षी कर्जतकडच्या एका रिसॉर्टचं काम आलं. दर रविवारी दुपारच्या जेवणाला गिटार आणि गाणं. वाजवणारे एक निवृत्त गृहस्थ, पोशीरच्या बाजूला घर बांधून राहिलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते कंट्री वाजवायचे. अमेरिकेतल्या गावाकडची गाणी, असं त्यांनी मला समजावलं होतं. त्यांच्याकडं गिटारचा आवाज आधी घडवून घेणारा, जेवणाच्या डब्याएवढा प्रीअँप होता. त्यातून साफ आवाजही निघायचा, फाटकाही, आणि मधले हवे तेवढे. गिटारची वायर त्यात, आणि त्यातून थेट आमच्या मिक्सरला.

पहिल्या रविवारी मी तो हळदीसारखा लावला. गेन नऊवर. दुसऱ्या गाण्याला पुढच्या टेबलावरच्या बाईंनी कानांवर हात ठेवले. सरांनी मध्येच थांबून गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि डोळे मिटून बसून राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जाताना त्यांनी प्रीअँप आणि आपली एक जुनी गिटार माझ्या हवाली केली. आठवडाभर ठेव, आवाज जमव म्हणाले. त्यांना प्रत्येक तार वेगळी ऐकू यायला हवी होती, स्वच्छ, थोडी टणक, आणि शब्दांच्या आड न येणारी. चौक गाव आलं तसे मालक टेंपोत माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी पण असंच झालं ना, तर तू परत खोकी उचल. बोर्डाला मी दुसरा बघतो. राग नाय रं, पण धंदा हाय."

मी ठरवलं, खुर्ची सोडायची नाही.

मला गिटार येत नाही. रोज सकाळी गोडाऊन झाडलं की अंगठ्यानं एकेक तार छेडायची, बटण हलवायचं, परत छेडायची. गेन खाली आणला की आवाज बारीक व्हायचा आणि वाटायचं, आता कुणाचा तरी मामा येणार. मग ध्यानात आलं की गेन उतरवून बाहेर जाणारा व्हॉल्यूम चढवला तर आवाज तेवढाच राहतो, फाटत मात्र नाही. शिवाय प्रीअँपवर, थेट मिक्सरला जोडताना लावायचा एक स्विच होता, ज्यानं गिटार गिटारच्या स्पीकरमधून आल्यासारखी वाजते. तो मी रविवारी बंदच ठेवला होता. लावला तशी किरकिर गेली. बुधवारी गेन पाचवर ठेवून आवाज इतका साफ निघाला की मी बटणांवर खडूनं खुणा करून टाकल्या.

मालकांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. त्यांचं घर गोडाऊनच्या वरच, आणि माझं दोन्ही वेळचं जेवण त्यांच्याकडं. गुरुवारी त्या डबा घेऊन खाली आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या.

"काय रं, तारेला विचारून वाजवतोस काय?"

"तुटली तर, वहिनी? सरांची आहे."

"गिटार हाय ती, पापड नाय. दे इकडं."

त्यांनी बांगड्या मागं सारल्या आणि सगळ्या तारांवर एक सणसणीत हात मारला. आवाज खर्रकन फाटला. माझ्या खुणांवर, पाचवर. मोडली का, म्हणून त्याच घाबरल्या. मी म्हटलं, नाही, परत मारा.

मी लावलेला साफ आवाज माझ्या भित्र्या हातापुरता साफ होता. सर तसे थोडेच वाजवतात. ते नखानं तार ओढून सोडतात, ती लाकडावर आपटते. वहिनी मारत राहिल्या, मी गेन उतरवत राहिलो. चार. साडेतीन. तीनवर त्यांचा सगळ्यात जोराचा फटकासुद्धा अख्खा ऐकू आला. मग त्यांना वाजवता वाजवता हळदीचं गाणं म्हणायला लावलं आणि शब्द वर येईपर्यंत बास, म्हणजे जाड आवाज, कमी करत गेलो. वर त्यांचा भात करपला. त्याचं मला त्या अजून ऐकवतात.

रविवारी पहिलं संथ गाणं नीट गेलं. दुसऱ्याला सरांनी मान वळवली.

"साफ आहे रे. पण झोपलंय."

माझा हात सवयीनं गेनकडं गेला. तो मी मागं घेतला. आजवर कुठल्याही वाजवणाऱ्याला मी काही सांगितलं नव्हतं, मान डोलवायचो फक्त.

"सर, गिटारवरचा स्विच मागं घेता का, ब्रिजकडं?"

त्यांनी घेतला. तारा जिथं गिटारच्या अंगावर बसतात तो ब्रिज, आणि त्या बाजूचा आवाज टणक येतो हे मी आठवडाभर ऐकलं होतं. मी मिड, म्हणजे मधला आवाज, थोडा चढवला, एकच आखूड इको दिला, आणि गेनला हात लावला नाही. त्यांनी तार ओढून सोडली. ती टण्ण करून उठली आणि पुढच्या तारेला जागा देऊन बाजूला झाली. मग जेवणं संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आमच्या कामात बोर्डाकडं कुणी बघितलं नाही, हीच शाबासकी.

सगळं आवरताना मी सवयीनं उठून स्पीकरच्या खोक्याला हात घातला. मालकांनी तो बाजूला केला.

"बस तिथंच. तू वायरी गुंडाळ."

आणि ते स्वतः खोकं छातीशी धरून, पुटपुटत, टेंपोकडं निघाले.