पालखी मागे, टोपली वर

सगळ्या मालवण किनाऱ्यावर हलती चित्रं काढणारा मी एकटाच होतो. दुसऱ्या कोणाला एवढा रिकामा वेळच नव्हता.

होडीत बसलो की पोटातलं सगळं बाहेर यायचं, म्हणून बापाने मला किनाऱ्यावर ठेवलं आणि हातात ब्रश दिला. होड्यांवर नावं आणि मासे रंगव म्हणाला. शाळेची पायरी चढलो नव्हतो, तेव्हा अक्षरंही मी माशांसारखीच बघून बघून काढायचो. त्यातच पावसाळा सरला की सिनेमाचा तंबू यायला लागला. तंबूचा मालक घाटावरचा. त्याने माझ्या होड्या बघितल्या आणि जत्रांच्या जाहिराती रंगवायला बोलावलं. तिथे फिल्मचे फाटके तुकडे पडलेले असायचे. सोड्याच्या पाण्यात भिजवून घासले की कोरी पट्टी निघायची. तिच्यावर एका चौकोनी घरात शाईने चित्र काढायचं, पुढच्या घरात तेच चित्र केसभर सरकवून काढायचं, आणि असंच पुढे. एकेक घर पोस्टाच्या तिकिटाएवढं. पडद्यावर माणसाने नुसती मान वळवायची तर मला दोन दिवस मान वाकवून बसावं लागायचं. त्याची वळायची, माझी वळेनाशी व्हायची.

माझ्या तुकड्यांना आवाज नव्हता, म्हणून मालक ते हाताने फिरवायच्या जुन्या मशीनवर दाखवायचा. गावोगावच्या जत्रांची जाहिरात खेळाआधी. एका गावाला खाजेवाला पाहिजे, दुसऱ्याला फिरता पाळणा, तिसऱ्याला देवीची पालखी. सगळ्यांना सगळं लगेच.

मला मात्र माझं एक चित्र करायचं होतं. एक बाई मासळीची टोपली उचलते, डोक्यावर घेते आणि चालू लागते. बस, एवढंच. ती बाई म्हणजे माझी बायको. पहाटे होड्यांवर जायची, टोपली भरून कट्ट्याच्या बाजाराची गाडी पकडायची, दुपार कलल्यावर घरी येऊन चूल पेटवायची आणि भिंतीला टेकल्या टेकल्या झोपायची. माझं काम तिने कधी कौतुकाने बघितलं नाही. होडी रंगवली की म्हणायची, "ह्या माशाचो डोळो तिरळो झालो रे." म्हटलं, एकदा तिलाच पडद्यावर दाखवू. मग बघू काय म्हणते.

मालक म्हणाला, "आधी जाहिराती दे. मग तुझी बाई दाखवतो."

दिवसा जाहिराती, उरलेल्या उजेडात बायको. पडवीत खोक्यावर काच ठेवायची, खाली उजेड वर फेकायला आरसा, आणि उन्हाकडे तोंड करून बसायचं. डोळ्यांतून पाणी गळायचं. शेजारणी म्हणायच्या, "बायल बाजारात गेली म्हणान घोव रडता गो!" एकदा थकून थकून खाजेवाल्याची मिशी बायकोच्या तोंडावर गेली, आणि सात-आठ घरं पुढे जाईपर्यंत मला पत्ता नाही. मिशीत ती बरी दिसत होती, म्हणूनच कळलं नसेल. घासून काढली, पण बोटांना त्यापुढे ब्रश धरवेना. तरी धरला.

तंबूची आमच्या गावातली शेवटची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी मालक बिऱ्हाड गुंडाळून शिरोड्याला निघणार. मी बायकोला हातापाया पडून आणलं. बायकांच्या बाजूला पुढेच बसली, मांडीवर हात ठेवून, गाडीची वाट बघत बसावं तशी.

आधी पालखीची जाहिरात लागली. देवळाच्या दारातून पालखी हळूहळू बाहेर आली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी कॉलर ताठ करणार, तर कॉलरच नव्हती. तेवढ्यात पालखीच्या गावाहून जाहिरात बघायला आलेले मानकरी उभे राहिले.

"थांबव! मशीन थांबव! कोणी काढल्यान ह्यां?"

मी हात वर केला. लपण्याएवढी अक्कल असती तर शाळेत गेलो असतो.

"देवीन कौल दिलो?" मानकऱ्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या गावची जत्रा पंचांगावर ठरत नाही. देवीला विचारायचं, तिने कौल दिला की मग दिवस धरायचा. आणि तो कौल अजून व्हायचा होता.

"तिना कौल देवच्या आधी तू तिका भायर काढलंस, मेल्या? आधी आत ने तिका. नायतर एक चित्र दिसाचा नाय आज हय!"

पालखी आत न्यायची म्हणजे पुन्हा महिन्याभराची पट्टी. मी बायकोकडे बघितलं. ती पदर सावरून उठायच्या बेतात होती. ही उठली की पुन्हा यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक.

मालकाने मला ढकललं आणि मशीनचा दांडा उलटा फिरवायला घेतला. पालखी थबकली आणि मागे मागे जायला लागली. भोई उलट्या पावलांनी चालत देवळात शिरले. दार आलं, पालखी आत. तंबूत सगळ्यांनी हात जोडले. मानकऱ्यांनीही.

"बरी गेली," ते खाली बसत म्हणाले. "तिना कोणाक पाठ पण दाखवल्यान नाय. लाव रे, पुढचा लाव."

लोक म्हणाले, काय डोकं चालवलं! माझं कसलं डोकं? मी तर बायको उठली का, तेच बघत उभा होतो.

आणि मग माझं चित्र लागलं. बाई वाकली. टोपलीला हात घातला. एका दमात उचलली, डोक्यावर घेतली, वळली आणि गेली. बायकांमध्ये कोणीतरी म्हणालं, "अगो, ही तूच गो!" मग टाळ्या. मला खोकला आला, तो संपेपर्यंत चित्रही संपलं.

खेळ सोडून आम्ही दोघं घराकडे निघालो. माडांच्या वाटेला लागलो. मीच विचारलं, "दिसलंस मगे? कशी वाटली?"

"बरी आसा," ती म्हणाली.

"नुसती बरी?"

"भरलेली टोपली डोक्यार घेवची तर दुसऱ्या कोणी हात लावक लागता. तू तिका एकटीच काढलंस."

"दुसरा माणूस काढायचा तर दुप्पट काम पडतं गो," मी म्हटलं.

"तां माका म्हायत आसा," ती चालता चालता म्हणाली. "तुझ्यान चित्रातसुद्धा हात लावक झाला नाय."