चोथ्याचा ताप बघणारी तान्हाबाई

तान्हाबाई ढिगात कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून उभी राहायची. वारूळवाडीच्या पुढच्या डुकरांच्या शेडवर मी कामाला लागले, त्या पहिल्या दिवशी तिला असंच पाहिलं. ढीग सातूच्या ओल्या चोथ्याचा होता. बिअरच्या कारखान्यात उरलेला तो चोथा टेम्पोने यायचा. काय करताय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. तीच म्हणाली, "ताप बघती. आतून गरम लागला की नासला समजायचं."

ती भीमाशंकरकडच्या डोंगरातली. नवरा वारल्यावर खाली आली आणि शेडशेजारच्या खोलीत एकटी राहू लागली. डुकरांचं काम म्हणून गावात आम्हाला कुणी चहा विचारत नसे. मला ते लागायचं. ती म्हणायची, "बरंय की, तेवढाच येळ वाचतो."

मोठ्या डुकरिणींना ती चोथा पाटीभर घालायची. वाढीच्या पिल्लांना मात्र थोडाच, तोही मक्याचा भरडा आणि मासळीची कुटी मिसळून. मालक चिडवायचे, "मावशी, पाट मांडून वाढ त्यान्ला." ती मान वर न करता उत्तर द्यायची, "चोथ्यानं प्वाट भरतं, मालक, अंग धरत न्हाई."

एका उन्हाळ्यात ती बहिणीच्या दहाव्याला गावी गेली. जाताना मला बजावून गेली, गरम लागला तर घालू नकोस, मालकांना सांग. दुसऱ्या दिवशी मी हात घातला तर आत चांगलंच गरम. पण ओट्यावर मालकांकडे मंचरची चार माणसं बसली होती. त्यांच्यासमोर जाऊन बोलायचं माझ्या जिवावर आलं. ऊन लागलं असेल, अशी मनाची समजूत घातली आणि पाट्या भरल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत वाढीची अकरा पिल्लं पोट फुगून मेली.

तान्हाबाई परतली तेव्हा आम्ही खड्डा बुजवत होतो. मालकांनी विचारलं, नासका चोथा कुणी घातला? मी खाली बघून माती ओढत राहिले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीच सांगून गेल्ते, घाल म्हून."

दोन दिवसांनी मालकांनी तिला काढलं. ती गाठोडं बांधत असताना मी नुसती दारात उभी राहिले. ती म्हणाली, "रडू नगं. तुजी पोरं साळंत हाईत. मला एकलीला काय, डोंगरात भात हाय." भात भावांचा होता, तिचा नव्हता. ते मला ठाऊक होतं.

तिच्या जागी मालकांनी मलाच ठेवलं. ते काम करता करता सहा वर्षं झाली. मग एका सकाळी डोंगराकडच्या एका माणसाकडून कळलं, तान्हाबाई गेली. शेवटी भावाच्या पडवीत होती म्हणे.

त्याच सकाळी मी मालकांपुढे जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले. सगळं सांगितलं.

"मला तवाच ठावं व्हतं," ते म्हणाले. "मावशी असं सांगून जाईल व्हय? तू बोलशील म्हून दोन दिवस थांबलो व्हतो."

ते उठून गेले. शेडमध्ये पिल्लं ओरडत होती, त्यांना घालायची वेळ झाली होती. मी भरडा काढायला गेले.