साडेबत्तीस

ओल्या पाटीचा वास आला की मला घनसावंगीकडच्या एका खेड्यातली ती सकाळ आठवते. निजामी संपून चार-पाच वर्षं झाली होती आणि मी मास्तरकीच्या ट्रेनिंगला होतो. पत्र्याखाली चौथीचा वर्ग भरलेला, गणिताचा माझा सराव पाठ, आणि तो तपासायला आलेले आमचे गुरुजी मागं गोणपाटावर वहीत मान घालून बसलेले. एका गाठोड्यात साडेतीन मण कापूस, तर नऊ गाठोड्यांत किती? साडेतीनचा पाढा मला तोंडपाठ, म्हणून आकडेमोड न करताच मी ठसक्यात फळ्यावर लिहिलं, साडेबत्तीस. मेंढरं राखणाऱ्याची एक पोर उठून म्हणाली, "गुर्जी, साडेएकतीस व्हतेत की." तिचं बरोबर होतं, हे मला लगेच कळलं. पण मागं गुरुजी होते. मी खेकसलो, "तू शिकवायला आलीस का मी? पूस ते!" तिनं थुंकी लावून आपलं बरोबर उत्तर पुसलं आणि माझं चुकीचं उत्तर सुबक अक्षरात उतरवून घेतलं. बाकीच्या पोरांनीही पाट्या पुसल्या. वर्गभर तो ओला वास पसरला. पाठ संपल्यावर गुरुजींनी शेरा दिला, 'आत्मविश्वास उत्तम.' त्या शेऱ्यावर मी जन्मभर मास्तर म्हणून मान घेतला. ती चूक दुरुस्त करायला मात्र त्या गावाला एकदाही गेलो नाही.