दोन्ही टायर डावेच आले!

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझ्या पोटात राहायचं नाही.

आमच्या मिनी ट्रॅक्टरचे मागचे टायर पार गुळगुळीत झालेले. पाऊस तोंडावर, बैल कधीच विकलेले. असल्या टायरांवर भाताची चिखलणी काढली तर चाक जागच्या जागी फिरणार. त्या मापाचे रत्नागिरीत मिळेनात, म्हणून मी मोबाईलवरून मागवले. बाबांचं तोंड तेव्हापासून वाकडं.

"नारळसुद्धा हलवून बघितल्याशिवाय घेत नाही आपण. आणि तू टायर घेतलेस?"

खरं सांगू, मलाही धाकधूक होतीच. दुकानाच्या पानावर सगळ्यांनी एकच लिहिलेलं, 'छान वस्तू'. एवढी माणसं एकसारखी बोलतात? आमच्या वाडीत तर आमटीच्या मिठावरसुद्धा एकमत होत नाही!

कुरिअरवाला वाडीत येईना, मग पालीच्या नाक्यावरून टेम्पोत घालून आणले. खळ्यात भिंतीला शेजारी शेजारी टेकवले. बाबांनी आधी वास घेतला. मग नखाने खरवडलं. शेजारचे काका बोलले, "जुन्याला काळं फासून पाठवतात हो." काळं काही निघेना, तेव्हा दोघंही जरा नाराजच झाले.

इतक्यात बाबा ओरडले, "अगो, दोन्ही डावे!"

बघते तर खरंच! ट्रॅक्टरवर डाव्या-उजव्या चाकाची नक्षी आरशात बघितल्यासारखी समोरासमोर असते. इथे दोन्हींची एकाच दिशेला. नक्षी उलटी बसली तर चिखल धरणारच नाही. मी धडाधड फोटो पाठवले. दुकानदाराचं उत्तर आलं, 'एक टायर फिरवून ठेवा.'

"बघ, टाळतोय!" काका.

"चप्पल फिरवली म्हणून डाव्याची उजवी होते काय?" बाबा.

मलाही पटलं. दाबलं 'परत करा'. सकाळी टायर न्यायला गाडी येणार. म्हणजे टायर नाहीत, चिखलणी नाही. नव्या टायरांपुढे फोडायला आणलेला नारळ बाबांनी आईकडे दिला, "घे आमटीच्या वाटपाला."

आईने नारळ खवला आणि आमसुलं वाळत घालायला खळ्यात आली. "हे कधी हलवताय?" कोणी हलेना, म्हणून तिने स्वतःच एक टायर घरंगळत नेला, वळवला आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला टेकवला. भिंतीकडची बाजू आता बाहेर.

बाबा बघतच राहिले. "हा उजवा कुठून आला?"

"माझ्या पदरात होता," आई बोलली.

मी आधी धावत जाऊन मोबाईलवर परत पाठवायचं रद्द केलं! गाडी आली असती तर?

टायर बसले. बाबांनी दुसरा नारळ आणला, कानाशी धरून तीनदा हलवून बघितला, मगच फोडला. काका अजून बोलतात, काहीतरी गडबड आहेच.

तुमच्या घरीही झालंय का असं? समोरचा खरं सांगतोय, आणि आख्खं घर म्हणतंय फसवतोय?