बिऱ्हाडवाल्यांची मोजणी

शाळेच्या प्रकल्पासाठी आजोबांच्या नदीच्या वहीतली पानं पाठव, असं तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर सांगितलंत. पानांचे फोटो काढून झाले आहेत, क्रमाने लावलेही आहेत. पण शेवटच्या वर्षाची पानं नुसती पाठवता येणार नाहीत. ती कशी वाचायची हे मला लिहावं लागेल, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

वहीची सुरुवात तिकडे परदेशात, तुमच्याकडेच झाली. तुम्ही लहान होतात, आम्ही उन्हाळ्यात तुमच्याकडे आलो होतो, आणि तुमच्या शेजारच्या काकांनी आजोबांना ट्राउटच्या नदीवर मासेमारीला नेलं होतं. तिथली माणसं गळ टाकण्याआधी गुडघाभर पाण्यात उभी राहून तळाचे दगड पायाने ढवळत, खालच्या अंगाला जाळी धरत आणि जाळीत आलेले किडे मोजत. किडे भरपूर असले तर माशांना खायला आहे, आणि नदीचं बरं चाललं आहे. आजोबा एकही मासा न धरता परत आले आणि पुढचे तीन दिवस फक्त किड्यांबद्दल बोलले. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे ऐकायला मी आयतीच होते.

नाशिकला आल्यावर त्यांनी आपल्या गळवाल्या मित्रांना कामाला लावलं. मित्र दोन. एक पिंपळगाव बसवंतचे द्राक्षबागायतदार. बाग आणि शीतगृह आता त्यांचा मुलगा बघतो. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. दुसरे नाशिकरोडच्या कॉलनीत राहणारे निवृत्त मास्तर. पौर्णिमा रविवारी आली तर ते विहारातून येईपर्यंत गाडी थांबायची. आजोबांना दोघं साहेब म्हणत आणि मला वहिनी.

महिन्यातून एका रविवारी तिघं पेठ रस्त्याने घाटाकडे, नदीच्या एका ठरलेल्या उथळ जागी जात. तिथे ट्राउट नाहीत, वाम आहे, मरळ आहे, नशीब असेल तर खडस. भाऊ ढवळणार, मास्तर जाळी धरणार आणि आजोबा काठच्या सपाट धोंड्यावर घड्याळ घेऊन बसणार. तीन मिनिटं झाली की ते म्हणत, "थांबा." मग जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी करायची, पाणी निवळू द्यायचं, आजोबांनी मोजायचं आणि मास्तरांनी लिहायचं.

मोजायचे किडे अनेक, पण त्यांचा जीव एकावर. ही एक अळी असते. वाळूचे कण लाळेने चिकटवून ती स्वतःभोवती नळीसारखं घर बांधते, आणि ते घर पाठीवर घेऊन हिंडते. तुमच्याकडे तिला कॅडिस म्हणतात. भाऊंनी तिला पहिल्याच दिवशी बिऱ्हाडवाली म्हटलं आणि वहीत तेच नाव पडलं. पाणी घाण झालं की ती लवकर जाते, म्हणून तिची मोजणी महत्त्वाची. मात्र एक लक्षात ठेवा. अळीचा किडा होऊन तो उडून गेला, किंवा अळी आतच मेली, तरी घर तळाशी राहतं. वरून भरलेलं आणि रिकामं घर सारखंच दिसतं. ट्रेमधलं पाणी स्थिर झालं की जिवंत अळी डोकं आणि सहा पाय बाहेर काढते. तेवढ्यावरून ओळखायचं.

आजोबा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी गेले, ते तुम्हाला माहीत आहे. जानेवारीत भाऊ आणि मास्तर घरी आले. चहा घेतला. मग मास्तर म्हणाले, "वहिनी, दोन महिने पानं कोरी आहेत. तुम्ही मोजाल का? आम्हाला पाय दिसत नाहीत त्यांचे."

"तुमचा चष्मा बदला," मी म्हटलं.

"चष्मा नवाच आहे त्यांचा," भाऊ म्हणाले. "नजर शाळेतच ठिवून आले."

मी गेले. आजोबांचे रबरी बूट घातले, पुढे मोजे कोंबून. गाडीत भाऊंच्या शेजारची जागा दोघांनी मोकळी ठेवली होती. मी मागे बसले. त्या जागेवर बसा, असं मला कोणी म्हणालं नाही आणि मीही विचारलं नाही.

नदीवर भाऊ पाण्यात उतरले, मास्तरांनी खाली जाळी लावली, मी ट्रे घेऊन काठावर बसले. भाऊ ढवळू लागले. गढूळ पाणी जाळीतून वाहत राहिलं. मी ट्रेकडे बघत होते, मास्तर जाळीकडे. बऱ्याच वेळाने भाऊ धापा टाकत म्हणाले, "मास्तर, शाळेचं घड्याळ हाय का तुमचं? तास संपतच नाय."

"माझ्याकडे कुठे घड्याळ?" मास्तर म्हणाले.

आम्ही तिघांनीही एकदमच त्या सपाट धोंड्याकडे पाहिलं. "थांबा" म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. भाऊ किती वेळ ढवळत होते कोण जाणे. दुसऱ्यांदा नीट ढवळायला हवं होतं, पण कोणाच्या अंगात बळ राहिलं नव्हतं. आम्ही तेच ट्रेमध्ये ओतलं.

पाणी निवळलं. ट्रेच्या तळाशी वाळूची घरं पसरली होती, साठाच्या वर. मी वाट पाहिली. पाय बाहेर येईनात. आणखी वाट पाहिली. मग चिमट्याने एकेक घर हलकेच दाबलं. ते कोरड्या पापडासारखं फुटायचं, आत काही नसायचं. सगळी दाबून झाली तेव्हा जिवंत निघाल्या तीन.

वही उघडली. आजोबांची शेवटची मोजणी ऑक्टोबरची. बिऱ्हाडवाल्या अठ्ठावन्न.

"नदी तीन महिन्यांत एवढी मरते का?" मी विचारलं.

भाऊ बुटातलं पाणी ओतत होते. मास्तर म्हणाले, "साहेब जे सांगत ते मी लिहीत होतो, वहिनी."

"रिकामी घरं मोजून?"

भाऊ बोलले. "मी दोनदा म्हनलो, साहेब, यात कोनी नाय. साहेब म्हनले, जरा थांब, येतील भायेर."

"मग?"

"मग काय. थांबलो."

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. वर्षभर आजोबांना समोरचं बारीक दिसत नव्हतं. घड्याळही ते बघत नव्हते, मिनिटं मनातल्या मनात मोजत. कडेचं दिसायचं, त्यामुळे चालताना अडखळत नसत आणि कोणाला कळत नसे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, एकटेच. पडद्याचा आजार आहे, मधलं दिसणं जात राहणार, असं त्यांना सांगितलं होतं. मला सांगायचं नाही, असं त्यांनी दोघांकडून कबूल करून घेतलं होतं.

एवढ्यात वरच्या पाड्यावरून हाक आली. तिथली एक म्हातारी बाई हंडा घेऊन उतरत होती. नदीकाठी वाळूत खड्डा करून पाड्याने झिरा केला आहे. जानेवारीपासून त्यांची विहीर आटते, मग सगळा पाडा याच झिऱ्याचं पाणी पितो. पहिल्या वर्षी या बाईने आजोबांना विचारलं होतं, तुम्ही काय शोधता? त्यांनी ट्रे दाखवला आणि सांगितलं, या अळ्या जगतात तोवर पाणी चांगलं. तेव्हापासून दर महिन्याला ती वरूनच विचारायची आणि आजोबा उत्तर द्यायचे.

आताही तिने विचारलं, "पाणी कसं हाय?"

"बेस हाय," भाऊ ओरडले. सवयीने. ओरडल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

माझ्या मांडीवर ट्रे होता आणि त्यात तीन अळ्या होत्या. एक शब्द पुरला असता, पण तो बोलायचा तर साहेबांना दिसत नव्हतं हेही बोलावं लागणार होतं. बाईने हंडा भरला आणि ती वर गेली. मी तिला जाताना पाहिलं.

परतीच्या वाटेवर मास्तर हळूच म्हणाले, "माणूस गेला वहिनी. ती पानं राहू द्या तशीच. पुढची आपण नीट लिहू."

मला ते पटलं होतं. हे तुम्हाला सांगायलाच हवं. घरी आले, बूट धुऊन उन्हात ठेवले, वही कपाटात ठेवली आणि ठरवलं की ती पानं तशीच राहतील.

मग स्वयंपाकघरात ओट्याशी उभी असताना मला मार्चमधली एक सकाळ आठवली. आजोबा आदल्या दिवशी नदीवरून येताना औषधाच्या बाटलीत पाणी घालून एक घर घेऊन आले होते. ती बाटली त्यांनी माझ्यापुढे धरली. "जरा बघ ना," ते म्हणाले, "डोकं बाहेर काढलंय का तिने?" मी मेथी निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "काढलंय हो."

"नक्की?"

"नक्की."

ते हसले आणि बाटली घेऊन गेले. मला वाटलं, नेहमीसारखं कौतुक दाखवायला आणली असेल. आता कळतं, ते कौतुक नव्हतं, विचारणं होतं. आपण मोजतो ते खरं आहे का, हे त्यांना ज्या एकीला विचारता येत होतं, तिला त्यांनी विचारलं. मी मुलांना वर्गात सांगत असे, पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. एप्रिलच्या पानावर बिऱ्हाडवाल्या एकसष्ट आहेत.

त्यानंतर घरात मला आजोबा तोच प्रश्न विचारताना ऐकू येऊ लागले. भास म्हणा. नळ सोडला की मागे कोणीतरी बाटली धरून उभं आहे असं वाटायचं, आणि मी भाजी टाकून वळून बघायची. मी घाबरट नाही, तुम्हाला माहीत आहे. पण वळून बघितल्याशिवाय मला राहवत नसे. अजूनही नाही.

फेब्रुवारीच्या मोजणीच्या दिवशी मी भाऊंना म्हटलं, "आधी पाड्यावर जायचं."

"वहिनी, साहेबांचं नाव निघंल."

"निघू द्या."

मास्तर वही घेऊन माझ्यामागे चढले. म्हातारी अंगणात नागलीची भाकरी थापत होती. दारात तिची नात बसली होती, सहा-सात वर्षांची. मी उभ्यानेच सांगितलं. गेलं वर्षभर मोजणी चुकली होती, अळ्या मेलेल्या होत्या, साहेबांना दिसत नव्हतं. का मेल्या ते मला सांगता येत नाही. वरच्या अंगाला रस्त्याची माती ढकलली आहे, टोमॅटोवर फवारे मारतात, आणखीही काही असेल. आणि दुसरंही सांगितलं, जे आजोबांच्या हयातीतच मी सांगायला हवं होतं. अळ्या जगल्या म्हणजे नदी बरी असते, माणसाने ते पाणी तसंच प्यावं असा त्याचा अर्थ नाही. पोट बिघडवणारे जंतू ट्रेमध्ये दिसत नाहीत. पाणी उकळून प्या.

तिने भाकरी उलटली. "साहेब आंधळा झालता?"

"मधलं दिसत नव्हतं त्यांना."

"साहेब सांगं बेस हाय, मंग आमी पेलो." तिने नातीकडे मान केली. "उन्हाळ्यात हिला हगवन लागली. आठ दीस. दवाखान्यात नेली, सुई लावली. आमी म्हनलं, काय खाल्लं हिनं? पाण्याचं नाय आलं मनात. साहेब सांगं ना."

ते त्या पाण्यानेच झालं असं म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. शास्त्र शिकवलेल्या बाईला तेवढंच ठाऊक असतं. मुलगी माझ्या मोठ्या बुटांकडे बघत होती.

"तुमाला म्हायती व्हतं?" म्हातारीने भाऊंना विचारलं.

भाऊंनी मान हलवली. होय अशी.

"मंग सांगाचं ना," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तव्यावरची भाकरी काढून तिने दुसरी टाकली.

खाली येऊन आम्ही मोजणी केली. घड्याळ मी बघितलं, "थांबा" मीच म्हटलं, आणि माझा आवाज ऐकून भाऊ दचकले. चार अळ्या निघाल्या. मग मास्तरांनी काठावर बसून गेल्या वर्षाच्या प्रत्येक पानावर आपल्याच अक्षरात लिहिलं, 'रिकामी घरे धरून. मोजणाऱ्यास दिसत नव्हते. आम्हांस माहीत होते.' शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनी घातलं. मी त्याखाली मार्चमधल्या बाटलीचं लिहिलं आणि सही केली. फोटोत ते नीट वाचता येतं.

आता आम्ही दर महिन्याला जातो. वाळूतला झिरा बुजत चालला आहे. बायका पलीकडच्या डोंगराआडच्या विहिरीवर जातात, बरंच लांब पडतं. मी ट्रेवर वाकलेली असते तेव्हा त्या वरच्या पायवाटेने एकामागे एक, डोक्यावर हंडे घेऊन जाताना दिसतात. म्हातारी त्यांच्यात पुढे असते. ती खाली बघत नाही. पाणी कसं आहे, हे आता आम्हाला कोणी विचारत नाही.