माणूस वाचणारे साहेब

"खुर्चीच्या काठावर कोंबडीसारखी काय बसलीयस? नीट बस की."

मोठे साहेब म्हणाले आणि बाजूचे दोघं हसले. कामथडीजवळ, हायवेलगतच्या एका औषधाच्या कंपनीत मी लॅबच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले होते. हिर्डोशीहून पहाटे निघालेली. एसटी आलीच नाही. बरंच अंतर चालत, मग टेम्पो. बीएस्सी केमिस्ट्री, पहिला वर्ग. फाईल त्यांच्या पुढ्यात. उघडली होती, वाचली नव्हती.

मी मागं सरकून बसले. मग टाय लावलेला तरुण साहेब शिकवायला लागला.

"समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. नजर खाली म्हणजे आत्मविश्वास नाही. आम्ही बॉडी लँग्वेज वाचतो."

कुठलं तरी दोन दिवसांचं शिबिर करून आला असेल. निघाला माणसं वाचायला.

मोठ्या साहेबांनी विचारलं, "हिर्डोशीत कुठं? गावात का गावाबाहेर?"

हा प्रश्न आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

"बुद्धविहाराशेजारी."

साहेब मागं रेलले. पेनाला टोपण लावलं. फाईल बोटाच्या टोकानं माझ्याकडं ढकलली. "बरं. कळवू."

खाली बघायला मला आईनं शिकवलं होतं. दुसऱ्याच्या खाचरात भात लावताना मालक बांधावर आला, की ती हातानं माझी मान दाबायची. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या माना खाली घालायला लावल्या, त्यांचीच पोरं आता मान खाली का म्हणून मार्क कापत होती. लाज नाही.

मी उठले नाही.

"साहेब, तुमी मला वाचलंत, मी तुमाला वाचलं. विहार म्हटलं आन् पेनाला टोपण लागलं. कामाचा एक प्रश्न अजून विचारला न्हाई. विचारा. टायट्रेशन विचारा."

घरची बोली तोंडातून गेली. गेली तर गेली.

टायवाला टेबलावरचा ग्लास बघत बसला. डोळ्यांत बघायचं विसरला बिचारा.

मोठे साहेब लाल झाले. "माज बघा पोरीचा."

दोन मिनिटांपूर्वी आत्मविश्वास नव्हता. आता माज. आमच्यासाठी ह्यांच्याकडं मधलं काही नाहीच.

नोकरी हुकली. घरी आई नाचणी पाखडत होती. सगळं ऐकून तिचा हात थांबला.

"म्याच शिकवलं तुला खाली बघायला. माजं चुकलं."

ती चुकलं म्हणाली. उभं आयुष्य चिखलात वाकलेली बाई. आणि तो तिकडं एसीत बसून पुढच्या कुणाची तरी फाईल ढकलत असणार. मला त्याची किळस आली. राग नव्हे, किळस.

परवा भोरला दुसरी मुलाखत आहे. तिथं कुणी गाव विचारायच्या आत पत्ता मीच सांगणार, मोठ्यानं. माझी परीक्षा घ्यायची तर केमिस्ट्रीत घ्या. माझ्या मानेची परीक्षा इथून पुढं कुणाला घेऊ देणार नाही.