वेशीवरचं घुबडाचं खोकं

आमच्या घरासमोरच्या जुन्या दगडी वेशीवर घुबडासाठी खोकं मी बसवून घेतलं, आणि सात महिन्यांची पोटुशी असताना घेतलं. गावानं तोंडात बोटं घातली. घालू देत.

रावेरकडच्या या गावात मी सून म्हणून आले, तेव्हा कमानीवरच्या भगदाडात पांढऱ्या तोंडाचं घुबड राहायचं. माझा पहिला मुलगा तापानं फणफणला त्या दिवशी ते ओरडलं आणि घरातल्या सगळ्यांनी हात टेकले. घुबड बोललं म्हणजे संपलंच, आता कशाला धावाधाव! रावेरला डॉक्टर होता, दारात बैल होते, पण गाडी कुणी जुंपली नाही. लेकरू गेलं आणि नाव घुबडाचं झालं. मला त्याचा संताप होता, आजही आहे.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी वेशीची डागडुजी निघाली. कमान ढासळेल म्हणून भगदाड बुजवणं भागच होतं. सासूबाईंना, आमच्या अक्कांना, आयतीच संधी मिळाली.

"बुजवून टाका ते. पहिलं लेकरू त्यानंच नेलं," त्या ओट्यावरून म्हणाल्या.

"घुबडानं नाही नेलं," मी म्हटलं. "गाडी जुंपली असती तं वाचलं असतं."

सासरे, आबा, शेजारीच बसले होते. त्यांच्यासमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

मी वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणवलं, त्याला एका बाजूनं भोक पाडून घेतलं आणि वेशीखाली जाऊन उभी राहिले. गवंडी परांचीवर होता. खोकं पाहून तो घाबरला. असली वस्तू आपल्या हातानं लावायची नाही म्हणाला.

आमच्याकडे घुबडाला कुणी दगड मारत नाही. ते तो दगड उचलून नदीवर नेतं, घासत बसतं, आणि जसजसा दगड झिजतो तसतसा मारणारा झिजतो, असं सगळे मानतात.

"भाऊ, त्याचं घर दगडानंच बुजवशील ना?" मी विचारलं. "त्यातला एक त्यानं उचलला तं?"

त्याच्या हातातला दगड तिथंच राहिला. माझा त्या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. त्याचा होता, तेवढं पुरे झालं. त्यानं आधी वरच्या कोनाड्यात खोकं पक्कं ठोकलं, मग भगदाड बुजवलं. काही दिवसांनी घुबड खोक्यात राहायला आलं. अक्कांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मला मुलगी झाली. ती वर्षाची होण्याआधीच तिलाही ताप चढला. तिन्हीसांजेला ती डोळे उघडेना, आणि नेमकं तेव्हाच समोर घुबड चिरकलं. घरात कुणी हलेना. मी आबांकडे पाहिलं.

आबा उठले. वेशीकडे न बघता त्यांनी बैल सोडून आणले आणि गाडी जुंपली.

"बस पोरी," ते म्हणाले. "या बारीला उशीर नको."

गाडी वेशीखालून जाताना ते पुन्हा ओरडलं. लेकीला उराशी धरून मी वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ओरड बाई, पाहिजे तितकं ओरड. आम्ही डॉक्टरकडे निघालो."

लेक वाचली.